रोशांबोची भट्टी आणि परक्याची मदत

निशिगंधा_एनजे

आमच्या घरापासून दोन सिग्नल पुढे रस्त्याकडेला एक पाटी आहे, 'वॉशिंग्टन-रोशांबो मार्ग'. नऊ वर्षं मी तिच्या शेजारून गाडी नेतेय, एकदाही वाचली नव्हती. यंदा बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. ते एमएसईबीतून निवृत्त झालेत आणि त्यांना दिसेल ती पाटी मोठ्यांदा वाचायची सवय आहे. तिसऱ्या दिवशी विचारलं, "वॉशिंग्टन कळला. हा रोशांबो कोण गं?"

मला सांगता येईना. मुलीच्या शाळेच्या पुस्तकात त्याच्यावर दीड ओळ सापडली. मग लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि त्यात अडकले.

रोशांबो हा फ्रेंच सेनापती, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांविरुद्ध वॉशिंग्टनच्या मदतीला आलेला. जुलै १७८० मध्ये साधारण साडेपाच हजार सैनिक घेऊन ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला उतरला. पुढच्या वर्षी त्याचं सैन्य तिथून चालत निघालं, वाटेत न्यूयॉर्कजवळ वॉशिंग्टनला मिळालं, आणि दोघं मिळून खाली व्हर्जिनियात यॉर्कटाऊनपर्यंत गेले. एकूण वाट सुमारे ६८० मैलांची. ती आमच्या न्यू जर्सीतून जाते, म्हणून ही पाटी.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट भट्ट्यांची. ऑगस्ट १७८१ मध्ये इंग्रज सेनापती क्लिंटन न्यूयॉर्कमध्ये बसला होता. हे दोघं न्यूयॉर्कवरच चालून येतायत असं त्याला वाटत राहणं गरजेचं होतं. म्हणून फ्रेंचांनी चॅटम गावात पाव भाजायला विटांच्या मोठमोठ्या भट्ट्या बांधल्या. चार दिवसांत निघून जाणारं सैन्य पक्क्या भट्ट्या कशाला बांधेल? क्लिंटनच्या हेरांनाही तसंच वाटलं. खरा बेत त्याच्या लक्षात आला तेव्हा सैन्य फिलाडेल्फियाच्या वाटेला लागलं होतं.

हे सगळं बाबांना रंगवून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे स्वातंत्र्य फ्रेंचांनी मिळवून दिलं म्हण की." मला ते पटलं नाही, पण खोडताही आलं नाही. तुम्हाला काय वाटतं? फ्रान्स नसता तर अमेरिका सुटली असती का?

खडूस_काका

बाबांशी सहमत. धागा संपला, दिवे घालवा.

पोह्यावर_शेव

काका, असं कसं? शंभर प्रतिसाद होईपर्यंत इथे कोणताही प्रश्न सुटत नसतो. खुर्ची टाकून बसलोय.

तोफखाना

छान विषय. रोशांबोच्या आधीपासून सुरुवात करायला हवी, कारण तो आला तेव्हा मदतीला चार वर्षं होऊन गेली होती.

१७७६ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात तह होता. उघड मदत म्हणजे थेट युद्ध. म्हणून परराष्ट्रमंत्री व्हेर्जेनने एक नाटककार गाठला, बोमार्शे. मूळचा घड्याळजी, नंतर नाटककार, मधूनमधून हेरगिरी. त्याने 'रोद्रीग ओर्तालेझ आणि कंपनी' नावाची पेढी काढली. पेढीवर बोर्ड व्यापाराचा, आत सरकारी तिजोरीचा पैसा. फ्रेंच राजाने दहा लाख लिव्ह्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) घातले, स्पेनच्या राजानेही तेवढेच. त्यातून बंदुका, तोफा, तंबू, गणवेश आणि मुख्य म्हणजे दारू. अमेरिकेत तोफेची दारू करायचे कारखाने जवळजवळ नव्हतेच. पहिल्या दोन-अडीच वर्षांत तिकडे जी दारू उडाली तिचा फार मोठा भाग समुद्रापलीकडून आलेला, आणि त्यात फ्रेंच माल सर्वाधिक.

गंमत म्हणजे बोमार्शेला वाटत होतं, अमेरिकन लोक बदल्यात तंबाखू पाठवतील. अमेरिकन लोकांना वाटत होतं, हे राजाने दिलेलं दान आहे. बिल कुणीच भरेना. शेवटी १८३५ मध्ये त्याच्या वारसांना आठ लाख फ्रँकवर तडजोड करावी लागली.

पोह्यावर_शेव

फ्रान्समधून दारू गेली नसती तर क्रांती कोरडीच राहिली असती, एवढं कळलं.

आणि हे वारसांचं प्रकरण अगदी आमच्या भाऊकीसारखं निघालं. लग्नाच्या पंगतीसाठी आणलेल्या तांदळाचे पैसे आजोबांनी द्यायचे होते, ते नातवंडं अजून एकमेकांना विचारतायत.

सह्यकडा

तोफखाना, माल आला हे मान्य. पण माल आल्याने लढाया जिंकता येत नाहीत. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला जनरल बर्गोइनने आख्ख्या फौजेनिशी शरणागती पत्करली. तिथे एकही फ्रेंच पलटण नव्हती. ती बातमी पॅरिसला पोचल्यावरच, ६ फेब्रुवारी १७७८ ला, फ्रान्सने मैत्रीचा करार केला. म्हणजे क्रम बघा: आधी यांनी लढून दाखवलं, मग ते आले. हरणाऱ्या घोड्यावर कोणी पैसे लावत नाही.

उद्या फ्रान्स आला नसता तर लढाई लांबली असती. पण एवढा मोठा मुलूख इंग्रजांनी धरून ठेवला असता असं मला वाटत नाही. शहरं घेत होते, पण शहराबाहेर पाच कोस गेलं की राज्य कोणाचं? गनिमी कावा आपल्याला शिकवायला नको.

तोफखाना

साराटोगाच्या सैनिकांच्या हातात काय होतं ते पण बघा साहेब. त्याच वसंतात फ्रेंच बंदुका-दारू घेऊन 'अँफित्रीत' जहाज पोर्ट्समथला लागलं होतं. पलटण नव्हती, हत्यारं होती.

गनिमी कावा मान्य, पण तो समुद्रावर चालत नाही. इंग्रज सैन्य अडचणीत आलं की किनारा गाठायचं, आरमार येऊन उचलून न्यायचं. १७७६ मध्ये बॉस्टन सोडलं ते असंच. जोवर समुद्र त्यांचा, तोवर त्यांना कोंडीत पकडणार कसं? आणि वॉशिंग्टनकडे आरमार म्हणण्यासारखं काही नव्हतं.

गोदाकाठ

फ्रान्सला एवढा पुळका का आला यावर कोणी बोललं नाही.

१७६३ च्या तहात फ्रान्सने कॅनडा गमावला होता, भारतातही पाँडिचेरी, माहे असल्या चार वखारी हातात उरल्या. तो काटा व्हेर्जेनच्या मनात रुतलेला होता. अमेरिकेचं स्वातंत्र्य वगैरे त्याला फारसं पडलेलं नव्हतं. सोळावा लुई तर राजा, राजाविरुद्ध बंड करणाऱ्यांना त्याने पैसे द्यावेत हाच विनोद. अर्थमंत्री त्युर्गो बजावत होता की युद्ध परवडणार नाही. त्याला मे १७७६ मध्ये घरी बसवलं. पुढे खर्च अब्जाच्या वर लिव्ह्र गेला, सगळा कर्जावर. ते व्याज फेडता फेडता १७८९ उजाडलं. बाकी आपण जाणतोच, राजाची मान गेली.

खडूस_काका

शेजाऱ्याच्या घरातलं भांडण पेटवायला स्वतःच्या घरचं रॉकेल नेलं म्हणायचं.

अनुराधा_बॉस्टन

निशिगंधा, मस्त धागा. भट्ट्यांवरून आठवलं. ही मैत्री सुरुवातीला अजिबात गोड नव्हती आणि त्यातही भांडण पावावरूनच झालं.

१७७८ च्या उन्हाळ्यात दएस्तँ नावाचा फ्रेंच नौसेनापती आरमार घेऊन आला. न्यूपोर्टवर दोघांनी मिळून हल्ला करायचं ठरलं. ऐन वेळी वादळ झालं, जहाजांच्या डोलकाठ्या मोडल्या आणि हा सरळ दुरुस्तीसाठी बॉस्टनला निघून आला. जमिनीवर अमेरिकन सैन्य एकटं पडलं. त्यांचा सेनापती सलिव्हन इतका भडकला की जे नको ते लिहून बसला, वॉशिंग्टनला सारवासारव करावी लागली.

इकडे बॉस्टनमध्ये पिठाची टंचाई. गावाला पाव नाही आणि फ्रेंच आरमाराच्या भट्टीतून ताज्या पावाचा वास येतोय. सप्टेंबरमध्ये भट्टीवर जमाव आला, 'आम्हाला द्या' म्हणाला, फ्रेंच 'नाही' म्हणाले आणि मारामारी जुंपली. सोडवायला गेलेला एक तरुण फ्रेंच अधिकारी, सँ-सोव्हर, डोक्याला मार लागून गेला. दोन्ही बाजूंच्या वरिष्ठांनी प्रकरण दाबलं. इंग्रजांच्या हस्तकांनी केलं असं सांगितलं आणि पुतळा उभारू म्हणून ठराव केला. दगड बसायला १९१७ उजाडलं. किंग्ज चॅपलच्या बाहेर आहे. मी दोन वर्षं त्याच्या शेजारी बसून डबा खायचे, कोणाचा आहे ते नंतर कळलं.

निशिगंधा_एनजे

अनुराधा, हे मला कुठेच मिळालं नव्हतं! बाबांना लगेच वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पाहुण्याच्या पानात काय वाढलंय ते घरच्या लोकांनी बघू नये."

रोशांबोने यातून धडा घेतलेला दिसतो. न्यूपोर्टला उतरला तेव्हा दुकानं बंद, रस्ते ओस. हे कॅथलिक लोक, आपल्याला काय करतील ही भीती. त्याने शिस्त कडक ठेवली. कोंबडीसुद्धा रोख चांदीचं नाणं मोजून घ्यायची. तिकडे अमेरिकन काँग्रेसच्या 'कॉन्टिनेंटल' या कागदी नोटेची किंमत इतकी घसरली होती की 'कॉन्टिनेंटलच्याही लायकीचं नाही' असा वाक्प्रचारच रूढ झाला. अशा वेळी खणखणीत नाणं देणारा पाहुणा कोणाला नको असेल?

वाटसरू७७

वाचतेय. लिहीत राहा.

रेवदंडेकर

इथे कोणी पुण्याचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

ज्या वर्षी साराटोगा झालं, त्याच १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच आमच्या बाजूला उतरला आणि पुण्याला नाना फडणवीसांकडे गेला. मी फ्रान्सच्या राजाचा वकील आहे म्हणाला. हत्यारं देतो, अधिकारी देतो, बदल्यात चौल-रेवदंड्याचं बंदर द्या. आज आमच्या कोटात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, शनिवार-रविवारी पुणेकर येऊन मासे खाऊन जातात. जरा इकडचं तिकडे झालं असतं तर आमच्याकडे शहाळ्याऐवजी वाइन मिळाली असती.

नानांनी त्याला मान दिला, बसवून ठेवला, पण बंदर दिलं नाही. मुंबईकर इंग्रजांच्या मात्र पोटात गोळा आला. नानांना बहुधा तेवढंच हवं होतं. काम झाल्यावर १७७८ मध्ये त्याला वाटेला लावलं.

दप्तरदार

रेवदंडेकरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. थोडी भर घालतो.

सेंट ल्युबिनचं वकीलपत्र कितपत खरं यावर तेव्हाच शंका होती, पण वॉरन हेस्टिंग्जने ती जोखीम घेतली नाही. पुण्यात फ्रेंच बसतील या धास्तीने त्याने १७७८ मध्ये काल्पीहून एक फौज थेट देश ओलांडून पश्चिम किनाऱ्याकडे धाडली. त्याच जुलैत युरोपात युद्ध पेटल्याची बातमी कलकत्त्याला आली आणि तीन दिवसांत फ्रेंचांचं चंद्रनगर घेतलं. ऑक्टोबरात पाँडिचेरी पडलं. इकडे मुंबईकरांनी राघोबादादांना पुढे करून घाट चढायचा उद्योग केला तो जानेवारी १७७९ मध्ये वडगावला आटोपला. त्याच वर्षी इंग्रजांनी माहे घेतलं. हैदरअलीची फ्रेंच रसद त्या बंदरातून यायची, तो चवताळला आणि १७८० मध्ये कर्नाटकात, म्हणजे तेव्हाच्या अर्काटकडच्या तमिळ मुलखात, उतरला.

आता लंडनमध्ये बसलेल्या माणसाच्या जागी उभे राहून बघा. अमेरिका, वेस्ट इंडीजमधली साखरेची बेटं, जिब्राल्टरचा वेढा, पुणे, मद्रास, आणि १७८० अखेर डचांशीही युद्ध. जहाजं तीच, तिजोरी तीच. परक्या मित्राची खरी मदत हीच, शत्रूला दहा ठिकाणी पळायला लावायचं. सह्यकडा म्हणतात तसं अमेरिका 'एकटी' कधी लढलीच नाही.

अमेरिकनांनाही हे दिसत होतं. पेन्सिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचं नाव होतं 'हायडर अली'. एप्रिल १७८२ मध्ये त्याने डेलावेअरच्या खाडीत 'जनरल मंक' हे आपल्यापेक्षा भारी इंग्रज जहाज पकडलं.

पोह्यावर_शेव

थांबा थांबा. हैदरअलीच्या नावाचं अमेरिकन जहाज? हे शाळेत का नाही शिकवलं? मी इतिहासात पस्तीसवर राहिलो नसतो.

दप्तरदार

शिकवलं असतं तरी राहिला असतात.

सह्यकडा

दप्तरदार, दहा ठिकाणी पळवण्याचा मुद्दा मान्य. 'मदत लागलीच नाही' हे विधान मागे घेतो. 'सुटली असती' हे घेत नाही.

मैथिली_वाचनवेडी

माझा मूळ शब्दालाच आक्षेप आहे. स्वातंत्र्य म्हणजे नक्की कोणाचं? लढणारे स्वतःच वसाहत करून बसलेले. तिथल्या मूळ लोकांना विचारलं असतं तर त्यांतल्या बहुतेकांना इंग्रज परवडला, कारण तो निदान डोंगरापलीकडे वस्ती करू नका म्हणत होता. ओनायडांसारख्या काहींनी अमेरिकनांना साथ दिली, तर पुढे त्यांचीही जमीन गेली.

आणि गुलाम? व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोरने नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीर केलं की बंडखोर मालकाला सोडून जो राजाच्या सैन्यात येईल तो मुक्त. हजारो पळाले. १७८३ मध्ये इंग्रज न्यूयॉर्क सोडून गेले तेव्हा सुमारे तीन हजार काळे लोक त्यांच्याबरोबर नोव्हा स्कॉशियाला गेले. त्यांच्या लेखी परका मित्र इंग्लंड होता.

गोदाकाठ

मैथिली, मुद्दा बिनतोड. त्यात आणखी एक पीळ: १७७९ मध्ये सवान्नाच्या वेढ्यात फ्रेंचांच्या बाजूने आजच्या हैतीतून आलेली काळ्या आणि मिश्रवंशीय स्वतंत्र लोकांची पलटण होती. दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी लढून परत गेले ते फ्रेंचांच्याच वसाहतीत. तिथे १७९१ मध्ये उठाव झाला तेव्हा फ्रान्स मित्र नव्हता.

आडगावचा_शहाणा

एवढं दूर कशाला जाता? बांगलादेश घ्या. आपण नसतो तर झाला असता का? तिथेही हाच वाद आहे. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी सेनापती नियाझीने शरणागतीवर सही केली ती जनरल अरोरांसमोर. मुक्तिवाहिनीचे सरसेनापती उस्मानी त्या टेबलाशी नव्हते, त्यांचे दुय्यम खोंदकर हजर होते. तिकडचे लोक अजून त्यावरून नाराजी बोलून दाखवतात.

तोफखाना

आडगावकर, योगायोगाने तोच प्रसंग यॉर्कटाऊनला उलटा घडलाय.

आधी तिथवर कसे पोचले ते. कॉर्नवॉलिस व्हर्जिनियात यॉर्कटाऊनला आरमाराची वाट बघत मुक्काम ठोकून होता. द ग्रास हा फ्रेंच नौसेनापती वेस्ट इंडीजमधून २८ मोठ्या युद्धनौका आणि तीन हजारांवर सैनिक घेऊन चेसापीकच्या तोंडाशी आला. पैसे कमी पडत होते, म्हणून वाटेत हवानाला एक जहाज पाठवलं. तिथल्या लोकांनी काही तासांत पाच लाख पेसो काढून दिले. अमेरिकन सैनिकांना मात्र पगार नव्हता आणि ते पुढे जायला कुरकुरत होते. काँग्रेसच्या अर्थप्रमुखाने रोशांबोकडून वीस हजार डॉलरची नाणी उसनी घेतली आणि वाटेत हेड ऑफ एल्कला एका महिन्याचा पगार रोख वाटला. नाणं हातात पडणं ही गोष्टच अनेकांच्या आठवणीतून गेली होती.

५ सप्टेंबर १७८१ ला चेसापीकबाहेर इंग्रज आरमार आलं. दोन-अडीच तासांची लढाई, एकही जहाज जागच्या जागी बुडालं नाही. पण इंग्रज परत गेले आणि कॉर्नवॉलिसला उचलून न्यायला कोणी उरलं नाही. युद्धाचा निकाल माझ्या मते तिथे लागला, जिथे एकही अमेरिकन जहाज नव्हतं.

मग वेढा. १४ ऑक्टोबरच्या रात्री दोन मोर्चे (मातीच्या छोट्या गढ्या) घ्यायचे होते, नऊ नंबर आणि दहा नंबर. नऊ फ्रेंचांनी घेतला, दहा अमेरिकनांनी, हॅमिल्टनच्या हाताखाली. गोळी सुटून बोभाटा होऊ नये म्हणून दहा नंबरवर बंदुका रिकाम्या आणि नुसत्या संगिनी. आजही ते मातीचे उंचवटे आहेत. दहा नंबरचा बराचसा नदीने खाल्ला होता, तो पुन्हा उभा केलाय.

१९ ऑक्टोबरला शरणागती. कॉर्नवॉलिस 'आजारी' पडला आणि ओहाराला तलवार घेऊन पाठवलं. ओहारा सरळ रोशांबोकडे गेला. बंडखोरांसमोर नाही, राजाच्या माणसासमोर वाकायचं होतं. रोशांबोने नुसतं वॉशिंग्टनकडे बोट केलं. वॉशिंग्टन म्हणाला, तुम्ही दुय्यम आहात ना, मग माझ्या दुय्यमाकडे द्या, आणि जनरल बेंजामिन लिंकनकडे धाडलं. जमिनीवर जवळपास निम्मं सैन्य फ्रेंच होतं, आरमार धरलं तर फ्रेंचच जास्त. तरी रोशांबोने तलवारीला हात लावला नाही.

खडूस_काका

आणि कॉर्नवॉलिसला शिक्षा म्हणून काय झालं? १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल करून आपल्याकडे पाठवला! सरकारी नोकरी म्हणतात ती हीच. तिकडे देश घालवला, इकडे बढतीवर बदली.

दप्तरदार

काका, पुढचं ऐकाल तर आणखी हळहळाल. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला तोच कॉर्नवॉलिस टिपूसमोर उभा होता आणि त्याच्या बाजूला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. परका मित्र आपणही झालो होतो, कोणाचे ते विचारू नका.

दोआनी

व्हिएतनामचं उदाहरण घ्या ना. दिएन बिएन फूला १९५४ मध्ये फ्रेंच हरले, तिथे व्हिएतमिन्हच्या तोफा आणि दारूगोळा बऱ्याच अंशी चीनमार्गे आलेला. त्या १०५ मिलिमीटरच्या तोफा मूळ अमेरिकन बनावटीच्या होत्या हा त्यातला मसाला. तोफा डोंगरावर दोरखंडांनी ओढून नेल्या व्हिएतनामी माणसांनीच. पण जिनिव्हाला वाटाघाटी झाल्या तेव्हा त्याच चीनने 'सतरावं अक्षवृत्त मान्य करा' म्हणून दाबलं. रणात जिंकलेलं टेबलावर अर्धं सोडावं लागलं. मित्राला त्याची सोय बघायची असते.

बदलीवाला_बँकर

मी निवृत्त आहे, या विषयातला तज्ज्ञ नाही. पण नोकरीत तीन वर्षं तमिळनाडूत कडलूरला होतो. कर्जवसुलीसाठी कोळीवाड्यांतून फिरायचो. एका दुपारी बंद पडलेल्या मोटरसायकलशेजारी बसलो असताना शाखेतल्या एका वयस्कर शिपायाने समुद्राकडे हात करून सांगितलं, "इथे इंग्रज आणि फ्रेंच लढले." मी 'असतील' म्हणून सोडून दिलं.

नंतर वाचलं तेव्हा चाट पडलो. जून १७८३ मध्ये कडलूरला इंग्रजांनी फ्रेंचांना घेरलं होतं. १३ जूनला जमिनीवर मोठी कत्तल झाली, २० जूनला समुद्रावर फ्रेंच नौसेनापती सफ्रेनने इंग्रज आरमाराला हुसकावलं. आणि युरोपात सलोखा जानेवारीतच झाला होता! बातमी यायला पाच महिन्यांवर लागले. म्हणजे जे युद्ध अमेरिकेत लेक्सिंग्टनला सुरू झालं, त्याची शेवटची मोठी लढाई आमच्या शाखेच्या वसुलीच्या हद्दीत झाली. मेलेल्यांत दोन्हीकडचे देशी शिपाई किती असतील! त्यांना अमेरिका कुठे आहे तेही ठाऊक नसणार.

अनुराधा_बॉस्टन

बँकरकाका, दंडवत. हा प्रतिसाद वाचून पाच मिनिटं नुसती बसून होते.

दप्तरदार

बँकरसाहेबांनी जिथे आणून सोडलं तिथूनच मला मूळ प्रश्नाकडे यायचंय. फ्रान्स दोन जागी मित्र होता, अमेरिकेत वॉशिंग्टनचा आणि इथे हैदर-टिपूचा. शत्रू एकच, वर्षं तीच. मग एकाचं भलं झालं आणि दुसऱ्याचं नाही, ते का?

आधी अमेरिकेचं. काँग्रेसने आपल्या वकिलांना सक्त सांगितलं होतं की फ्रान्सला विचारल्याशिवाय इंग्लंडशी काही ठरवू नका. पण व्हेर्जेनचा माणूस गुपचूप लंडनला जाऊन आल्याचं त्या वकिलांपैकी जॉन जेला कळलं. त्याला संशय आला, हे आपल्या पाठीमागे वाटून घेतायत. मग जे, अॅडम्स आणि फ्रँकलिन यांनी फ्रेंचांना न विचारताच इंग्रजांशी बोलणी उरकली आणि ३० नोव्हेंबर १७८२ ला प्राथमिक कलमांवर सह्या ठोकल्या. मिसिसिपीपर्यंतचा मुलूख पदरात पाडला. फ्रान्सशी इंग्लंडचा सलोखा झाल्याशिवाय हा तह लागू नाही असं कलम घातलं होतं, म्हणजे कागदोपत्री दगा नाही. व्हेर्जेनने तक्रारीचं पत्र लिहिलं. फ्रँकलिनने उत्तर दिलं की शिष्टाचारात थोडी चूक झाली खरी, पण आपल्यात फूट पडली असं इंग्रजांना वाटतंय, ते तसं वाटू देऊ नका. आणि त्याच सुमारास फ्रान्सकडून आणखी साठ लाख लिव्ह्रचं कर्ज मंजूर करून घेतलं. सत्तरी ओलांडलेला माणूस!

आता इकडचं. हैदर डिसेंबर १७८२ मध्ये गेला. टिपू १७८३ मध्ये मंगळूरला वेढा घालून बसला होता, सोबत फ्रेंच तुकडी, सुरुंग आणि मोर्च्यांच्या कामात त्यांचाच हात. सलोख्याची बातमी आली आणि फ्रेंचांनी टिपूला वेढ्यात तसंच सोडून काढता पाय घेतला. पॅरिसच्या टेबलावर टिपूचा वकील नव्हताच. त्याला मार्च १७८४ मध्ये स्वतःच तह करावा लागला. वाईट केला नाही, पण एकट्याने केला.

सेंट ल्युबिनला नानांनी बंदर का दिलं नसेल, याचा मी बरीच वर्षं विचार केलाय.

रेवदंडेकर

बंदर दिलं असतं तर ते आरमार येईपर्यंत नुसतंच रिकामं राहिलं असतं. सफ्रेन आला १७८२ मध्ये, तोही पूर्व किनाऱ्याला. आणि त्याच वर्षी मे महिन्यात आमचा इंग्रजांशी सालबाईचा तह झाला.

सह्यकडा

दप्तरदार, तुमच्या या प्रतिसादाने माझी बाजू पुन्हा मजबूत झाली असं मी म्हणू का? अमेरिकनांची स्वतःची फौज शेवटपर्यंत मैदानात उभी होती, म्हणून त्यांना टेबलावर आधी सही करता आली.

दप्तरदार

अर्धी मजबूत झाली. फौज टिपूचीही होती आणि ती वॉशिंग्टनच्या फौजेपेक्षा चांगली पगारी होती. त्याच्याकडे पॅरिसमध्ये बसलेला फ्रँकलिन नव्हता.

पोह्यावर_शेव

म्हणजे बाबांचं उत्तर चुकलं की बरोबर? मी भाच्याशी पैज लावलीय.

खडूस_काका

बाबांनाच विचारा की. निशिगंधाताई, कुठे गायब?

निशिगंधा_एनजे

गायब नाही, शनिवारी बाबांना घेऊन चॅटमला गेले होते. भट्ट्या कुठे होत्या ते बघायचं म्हणून ते पहाटेच आवरून बसले. भट्टीची एकही वीट दिसली नाही. नदी आहे, पूल आहे, नीट कापलेलं गवत आहे. बाबा काठीने जमीन टोकरत दहा मिनिटं फिरले, कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंना हातवारे करून विचारलं. त्यांना वाटलं आजोबांचं काही हरवलंय. त्याही वाकून शोधायला लागल्या.

इथले सगळे प्रतिसाद गाडीत वाचून दाखवले. बाबा मंगळूरवर थांबले. म्हणाले, "त्या तुकडीतल्या फ्रेंच माणसाने निघताना टिपूच्या लोकांना काय सांगितलं असेल? बरोबर खणत होते ना इतके दिवस." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. 'मिळवून दिलं' हे वाक्य मागे घेतलं का विचारलं, तर म्हणाले, "तुमच्यातले ते तलवारवाले साहेब म्हणतात ना, बोट दाखवलं, ते घे. तेवढं दिलं." पैजेचं तुमचं तुम्ही बघा.

येताना एका बेकरीतून फ्रेंच पाव घेतला, लांबलचक काठीसारखा.

खडूस_काका

कसा होता?

निशिगंधा_एनजे

कडक. बाबांनी चहात बुडवून खाल्ला.